लढून घ्यायचं आडनाव

‘बॅटलटेक’ या खेळाच्या विश्वात क्लॅनचा, म्हणजे एका लढाऊ जमातीचा, योद्धा जन्माला येतो तेव्हा त्याला नुसतं नाव असतं, आडनाव नसतं. आपण कुठल्या मोठ्या घराण्याच्या रक्ताचे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. ते आडनाव लावणारी माणसं तो रोज बघतो, त्यांच्या हाताखाली शिकतो. पण स्वतः ते लावू शकत नाही. लावणाऱ्यांपैकी कुणी मेलं की एक जागा रिकामी होते आणि त्या एका जागेसाठी 32 जण उतरतात. एकास एक लढती, पाच फेऱ्या. शेवटी जो उरेल त्याच्या नावापुढे आडनाव लागतं. बाकीच्यांतले काही मेलेले असतात, काही जायबंदी, आणि जे धड असतात ते पुढची जागा रिकामी व्हायची वाट बघत बसतात.

या आडनावाला तिथे ब्लडनेम म्हणतात. मी राहतो वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आणि माझं आडनाव देशमुख. आमच्याकडे पोराचं बारसं व्हायच्या आधीच त्याला आडनाव मिळालेलं असतं. जमीन, घर, बैल यांची वाटणी पुढे केव्हातरी होते. आडनावावर पहिल्या दिवसापासून पूर्ण हक्क. म्हणून ही रीत वाचली तेव्हा ती मनाला लागली, आणि खेळ मागे पडून जमाना झाला तरी सुटलेली नाही.

खेळ अमेरिकेतला, 1984 सालचा. मुळात टेबलावर नकाशा पसरून फासे टाकून खेळायचा. माझी त्याच्याशी गाठ पडली ती संगणकावर, नागपूरला मामेभावाच्या खोलीवर. वीस टनांपासून शंभर टनांपर्यंतची माणसासारखी चालणारी लढाऊ यंत्रं आणि त्यांच्या डोक्यात बसलेला एकेक माणूस. भावाला यंत्रांचं वेड होतं. कुठल्यावर कोणती तोफ, कुठलं किती तापतं, हे त्याला तोंडपाठ. मला त्या माणसांची नावं का अशी, हा प्रश्न पडला. पुढे मोबाइल हातात आला, आणि रानडुकरं-रोह्यांपासून हरभरा राखायला जागलीला मचाणावर बसायचो तेव्हा या क्लॅनांचा सगळा इतिहास वाचून काढला.

तो थोडक्यात असा. माणसं तारांगणभर पसरलेली आहेत, मोठं साम्राज्य कोसळतं आहे. साम्राज्याच्या सैन्याचा सेनापती अलेक्सांद्र केरेन्स्की 2784 साली आपलं बहुतेक सैन्य घेऊन, भाऊबंदकीच्या लढाईत पडायचं नाही म्हणून, माणसांच्या वस्तीपलीकडे निघून जातो. पण तिथेही पुढे तेच सैन्य आपसात फुटतं. मग त्याचा मुलगा निकोलस उरलेल्यांना घेऊन आणखी दूर जातो आणि समाज नव्यानं बांधतो. वीस क्लॅन, प्रत्येकात चाळीस योद्धे, एकूण 800. हे 800 जण परत येऊन यादवीत बुडालेले ग्रह जिंकतात. त्यांच्या आडनावांची मग ब्लडनेम होतात. प्रत्येक आडनाव एका वेळी जास्तीत जास्त पंचवीस जणांनाच लावता येतं. म्हणजे सगळ्या क्लॅनांत मिळून आडनाव असलेली माणसं वीस हजारांच्या वर कधी जाऊच शकत नाहीत. क्लॅनच्या सभेत बसायचा हक्क फक्त त्यांना. खान, म्हणजे क्लॅनचा प्रमुख, त्यांच्यातूनच निवडला जातो. आणि मेल्यावर पुढची पिढी घडवायला बीज घेतलं जातं तेही मुख्यतः त्यांचंच.

पंचविसाची ही मर्यादा मला फार विचारात पाडते. कारण आमच्याकडे नेमकं उलटं होतं. माझ्या पणज्याच्या बापाकडे जेवढी जमीन होती, ती आज त्याच्या वंशातल्या इतक्या घरांत वाटली गेली आहे की काहींच्या वाट्याला दीड एकराचा पट्टा आला आहे. सातबाऱ्यावर गट नंबरापुढे नावांची रांग लागते. पण त्या रांगेतला प्रत्येक जण पुरता देशमुख आहे. दीड एकरवाला आणि वीस एकरवाला दोघेही तेवढेच देशमुख. वावर तुटत जातं, नाव तुटत नाही. क्लॅनांत नाव मोजून दिलेलं आणि मोजूनच ठेवलेलं. इतकंच नव्हे, एखाद्या नावाच्या माणसांनी नाव खाली आणलं, तर त्या नावाच्या पंचवीस जागांतली जागा कायमची कापता येते. एक आख्खा क्लॅन, वुल्व्हरिन, नष्ट केला गेला तेव्हा त्याची सगळी नावंही पुसली गेली. हे क्रूर आहे. पण नावाला खर्च असतो, ते टिकवायला काहीतरी मोजावं लागतं, एवढं तरी त्या लोकांना ठाऊक आहे.

आमच्या भागात आडनावांतून जुनी हुद्देदारी अजून नांदते आहे. देशमुख, पाटील तर गावोगाव. नागपूरकडे सुभेदार, किल्लेदार, गडकरी, चिटणीस. कुठे जमादार, कुठे हवालदार, कुठे सरनाईक. यांतला प्रत्येक शब्द कधीकाळी कुणीतरी कमावलेला असणार. कुणी घोडा घेऊन हजर झाला असेल, कुणी गडाच्या दरवाज्यावर रात्र काढली असेल. आज त्या घरचा मुलगा पुण्यात हिंजवडीला असतो आणि किल्लेदार असतो.

हे वाईट, असं माझं म्हणणं नाही. आठवण ठेवायची ती एक रीत आहे. पण नाव नुसतं वारसानं उतरू लागलं की त्याचं काय होतं, हे बघायला आम्हाला या खेळातल्या एकतिसाव्या शतकात जायची गरज नाही. आमच्याच मातीत ते तीनदा रक्त सांडून घडून गेलं आहे.

नागपूरकर भोसल्यांचा किताब होता ‘सेनासाहेब सुभा’. शाहू महाराजांनी परसोजी भोसल्यांना दिला, त्यांच्यामागे तो कान्होजीकडे आला. कान्होजीचा पुतण्या रघूजी त्याच्यावर चालून गेला आणि यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ मंदर इथे काकाला गाठून कैद केलं. किताब रघूजीचा झाला. हा रघूजी खरोखरीचा लढवय्या. बंगालवर स्वाऱ्या केल्या, ओरिसा घेतला. त्यानं किताब काकाकडून हिसकावला असेल, पण पुढे आयुष्यभर तो पेलला.

1755 साली रघूजी वारला आणि मुलं भांडायला उभी राहिली. जानोजी वयानं मोठा, पण धाकट्या राणीचा. मुधोजी थोरल्या राणीचा. आता सेनासाहेब सुभा कोण? निकाल लागला पुण्यात, पेशव्यांच्या दरबारी. किताब जानोजीला. मुधोजीला चांदा, आणि समजूत काढायला नवा किताब, ‘सेनाधुरंधर’. बिंबाजीला छत्तीसगड, साबाजीला दारव्हा. एका लढवय्याच्या नावाची वाटणी होत नाही म्हणून बाकीच्यांना मुलूख देऊन गप्प बसवलं, असंच ते होतं.

1772 साली जानोजी वारला. त्याला मूल नव्हतं, त्यानं मुधोजीचाच मुलगा रघूजी दत्तक घेतलेला होता. मुधोजी आपल्या पोराच्या वतीनं उभा राहिला, साबाजी स्वतःसाठी. 1773 साली अकोल्याजवळ कुंभारीला दोन भावांची फौज समोरासमोर आली, निकाल लागला नाही. मग 1775 च्या जानेवारीत नागपूरच्या दक्षिणेला पाचगावला पुन्हा भिडले. तिथे मुधोजीच्या पिस्तुलाच्या गोळीनं साबाजी ठार झाला. भावाच्या हातून भाऊ, एका किताबासाठी. आणि तो किताबही मारणाऱ्याला नव्हे, त्याच्या लहान पोराला मिळायचा होता.

अकोल्याकडे जाताना कुंभारीची पाटी दिसली की मी पाचगावचा विचार करतो. त्या दोन-तीन वर्षांत या दोन फौजा वऱ्हाडातून किती वेळा गेल्या असतील, कुणाच्या वावरातली ज्वारी घोड्यांना घातली असेल, कुणाचे बैल तोफा ओढायला नेले असतील. त्या माणसांना कोण सेनासाहेब सुभा होतो याच्याशी काहीही देणंघेणं नव्हतं.

इथे मला क्लॅनांची रीत शहाणी वाटते. हक्काचे दावेदार अनेक असणार, भांडण होणारच, हे त्यांनी आधीच धरून ठेवलं आहे. म्हणून ते भांडण मोजकं करून टाकलं. फौजा नाहीत, गावं नाहीत. 32 पैकी 31 जणांची नावं त्याच आडनावाची माणसं सुचवतात. बत्तिसावी जागा ज्यांना कुणी सुचवलं नाही त्यांच्यासाठी राखलेली. त्यांनी आधी आपसात एका मोठ्या झुंजीत ती मिळवायची. मग प्रत्येक लढतीत दोघांपैकी एकानं जागा ठरवायची, दुसऱ्यानं लढाईचा प्रकार. यंत्रात बसून की नुसत्या हातांनी. कुठे लढायचं आणि कसं लढायचं, हे दोन्ही एकाच्या हातात कधी जात नाही. जन्मानं तुला काय मिळतं? उभं राहायचा हक्क मिळतो. पुढचं तुझं तू.

ही बत्तिसावी जागा मला सगळ्यांत आवडते. ज्याच्यामागे कुणी नाही त्यालाही एक दार उघडं ठेवलेलं आहे. अरुंद आहे, पण आहे. आमच्या वतनांच्या सगळ्या इतिहासात असं दार मला दिसलेलं नाही.

शिवाजी महाराजांना हे कळत होतं. कुडतोजी गुजराला ‘प्रतापराव’ हा किताब दिला तो त्याच्या कामासाठी. 1674 साली नेसरीला प्रतापराव पडले. सेनापतीपद हंसाजी मोहित्यांकडे आलं, त्यांना ‘हंबीरराव’ केलं. नवा माणूस, नवा किताब, मागच्याच्या पोराकडे चालत गेलेला नाही. वतनं वाढू न देण्याकडे त्यांचा कटाक्ष होता, चाकरीचा मोबदला रोख द्यायचा. पुढे राजाराम महाराज जिंजीला अडकले, मुलूख हातचा जायची वेळ आली, तेव्हा माणसं आपल्याकडे ठेवायला वतनं सढळ हातानं वाटावी लागली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदार म्हणजे राज्याचे दायादच, म्हणजे हिस्सा मागणारे भाऊबंदच, असं म्हटलं आहे ते या सगळ्यातून गेलेल्या माणसानं म्हटलं आहे. माझं आडनाव ज्या पदावरून आलं त्या पदाबद्दल हे लिहिलेलं आहे आणि मला ते पटतं.

क्लॅनांच्या रीतीतली दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली आणि तिनं मला जास्त दिवस धरून ठेवलं. ब्लडनेमवरचा हक्क आईकडून येतो. बाप कितीही नावाजलेला असो, तू लढणार ते आईच्या घराण्याच्या नावासाठी. फेलन केल नावाचा एक तरुण क्लॅनांच्या बाहेरून युद्धकैदी म्हणून येतो. बाप त्याच्या जगातला नामांकित योद्धा, मॉर्गन केल. तरी क्लॅन वुल्फमध्ये तो फेलन वॉर्ड होतो, कारण आई वॉर्ड घराण्याची. बापाच्या नावाला तिथे कुणी विचारत नाही.

या नियमानं बघायचं तर मी कुणाचा?

सुगी आटोपली की आमच्याकडे भाट येतो. ओसरीवर सतरंजी टाकायची, पाण्याचा तांब्या, मग चहा. तो लाल कापडात बांधलेली लांबोडी वही काढतो, कपाळाला लावतो, आणि एका लयीत वाचायला लागतो. अमक्याला तीन, तमक्याला एक, याचा वंश खुंटला, हा उठून नदीपार वऱ्हाडात गेला. घरातल्या नव्या पोरांची नावं तो तिथेच लिहून घेतो, त्याची दक्षिणा वेगळी. वहीच्या कडा हाताच्या घामानं काळ्या पडल्या आहेत आणि शाईचे चार-पाच रंग आहेत, प्रत्येक रंग एकेका भाटाचा, म्हणजे त्याच्याही बापाआजाचा.

एकदा मी त्याला विचारलं, “भाटजी, माझ्या आईच्या आईचं घराणं कोणतं?”

“थे तुमच्या मामाच्या भाटाले इचारा लागते.”

“आणि तिच्या आईचं?”

“मंग तिच्या मामाच्या गावचा भाट पाहा लागीन. तो जिवंत असन तर.” वही मिटत तो म्हणाला, “बाईची वही नसते जी.”

चूक त्याची नव्हती. त्याच्या वहीत सुना येतात त्या ‘अमक्या गावची’ म्हणून, मुली लग्न होऊन निघून जातात आणि त्यांच्यापुढे ओळ संपते. मी आईच्या माहेरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं. आजीचं माहेर मिळालं. आजीच्या आईचं गाव वरुडकडचं होतं, एवढं एकीला आठवलं, कारण गावात तिला सगळे ‘वरुडवाली’ म्हणत. तिचं स्वतःचं नाव? कुणालाच सांगता आलं नाही. तिच्या आईबद्दल तर काहीच नाही. बापाकडून मी नऊ-दहा पिढ्या घडाघडा म्हणू शकतो. आईकडून तिसऱ्या पायरीवर माणसाच्या जागी गावाचं नाव राहिलं आहे. मी क्लॅनमध्ये जन्मलो असतो तर कुठल्या नावासाठी उभं राहायचं हेच मला कळलं नसतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचं ठरलं आहे, बापाच्या नावाच्या आधी. ती एक पायरी तरी यापुढे लिहिली जाईल.

मात्र क्लॅनांचं गुणगान मी याच्या पुढे नेऊ शकत नाही. त्यांच्याकडे पाच जाती आहेत: योद्धे, शास्त्रज्ञ, व्यापारी, तंत्रज्ञ, मजूर. ब्लडनेम फक्त योद्ध्यांना. योद्ध्यांतही ज्यांचा गर्भ यंत्रात वाढला, ज्यांची जोडी शास्त्रज्ञांनी लावली, त्यांनाच; फेलनसारखा एखादाच अपवाद. आईच्या पोटातून जन्मलेला कितीही चांगला लढो, त्याच्या जन्माचीच तिथे शिवी झाली आहे. म्हणजे उभं राहायचा हक्क सगळ्यांना, असं जे मला सुरुवातीला वाटलं होतं, ते एका कुंपणाच्या आतलं ‘सगळे’ होतं. त्यात माणूस पस्तिशीला आला की म्हातारा धरतात. तोवर नाव मिळालं नाही, मानाचं मरणही आलं नाही, तर तो उरल्यासुरल्यांच्या पलटणीत जातो, बंदुकीच्या तोंडी द्यायला.

आमच्या भागातला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघितलेल्याला हे कुंपण लगेच ओळखू येईल. 2014 ला कोर्टाच्या निकालानं पट बंद पडले होते, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. लाउडस्पीकरवरून पुकारा होतो तो मालकाच्या नावाचा. अमक्या गावच्या अमक्या देशमुखांची जोडी, इतके सेकंद इतके पॉइंट. जोडी बहुतेक गवळाऊ, आमच्या वर्धा जिल्ह्याचीच जात, पांढरीशुभ्र, हलकी, पळायला तयार. पण त्या बैलांना पहाटे उठून पाण्यावर नेणारा, अंगाला तेल चोळणारा, पटाच्या आदल्या रात्री गोठ्यात त्यांच्या बाजूला पोतं टाकून झोपणारा माणूस सालगडी असतो, पाडव्याला साल ठरवून राहिलेला. बैल त्याच्या आवाजावर पळतात. मालकानं हाक मारली तर मान वळवत नाहीत, हे मी आमच्याच गोठ्यात बघितलं आहे. त्याचं नाव पुकारत नाहीत. क्लॅनांत शंभर टनी यंत्राचा तापलेला सांधा लढाईच्या आदल्या रात्री दुरुस्त करणारा तंत्रज्ञ असाच असतो. आडनावासाठीची लढत त्याच्या हातांवर जिंकली जाते आणि त्याला आडनाव नसतं, कधी मिळणारही नसतं.

कुंपणाबाहेरची माणसं काय करतात, ते या काल्पनिक जगानं फार नेमकं ओळखलं आहे. त्यातल्या शास्त्रज्ञांनी गुपचूप आपली आपली आडनावं घ्यायला सुरुवात केली, जुन्या थोर शास्त्रज्ञांची. उघडपणे लावायची चोरी, म्हणून आपसांतच वापरायची. योद्ध्यांच्या पिढ्या ज्यांच्या प्रयोगशाळेत घडतात त्यांनाही वाटलं की आपल्याला कुणाचं तरी नाव असावं. आणि डायना नावाची एक मुलगी, पोटातून जन्मलेली, तिला नाव मागायचा हक्कच नाही असं सगळे म्हणत असताना ती उभी राहते आणि प्राइड हे आडनाव जिंकून घेते. तिचा बाप एडन यानंही ते नाव लढूनच मिळवलेलं. त्याच्या मागे ते आपोआप तिच्याकडे आलं नाही, आणि ती लढली नसती तर कुणी ते तिला देऊही केलं नसतं.

आमच्या भागात वारशाचं नाव पुन्हा कमावणारा माणूस म्हटलं की मला पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख आठवतात. जन्म 1898, अमरावती जिल्ह्यातलं पापळ गाव. घराण्याचं मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख लागलेलं. नुसतं ते नाव घेऊन बसले असते तरी त्या काळात मान कमी नव्हता. त्यांनी अमरावतीत अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून 1920 च्या दशकात सत्याग्रह केला, 1932 साली शिवाजी शिक्षण संस्था काढली, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. अस्पृश्यांना देवळाबाहेर ठेवण्यात गावोगावच्या देशमुख-पाटलांचा हात होता; त्याच नावाचा माणूस दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. आमच्या भागातली पोरं आज ‘शिवाजी’त शिकतात तेव्हा त्यांना कदम-देशमुख माहीत नसतात, भाऊसाहेब माहीत असतात. ते संविधान सभेतही होते. त्या सभेनं अनुच्छेद 18 लिहिला: सैनिकी आणि विद्याविषयक मान सोडून राज्य कुणाला किताब देणार नाही. रायबहादूर, रायसाहेब सगळे गेले. परमवीर चक्र राहिलं, पण ते ज्याचं त्याचंच. मुलाला वारसानं लागत नाही.

पदंही गेली. वर्धा नदीच्या आमच्या बाजूची मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, 1951 साली संपली. 1962 च्या कायद्यानं महसुली पाटलांचं वंशपरंपरेचं पद गेलं. आडनावं मात्र कुठल्याच कायद्यानं गेली नाहीत, जायलाही नकोत. त्यानंतर 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील नेमायला सुरुवात झाली, आणि माझ्या मते गेल्या साठ वर्षांत आमच्या गावात घडलेली ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, जरी तसं कुणी म्हणत नाही. दहावी पास असावं लागतं, गावात राहत असावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, तोंडी होते, एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकारी, नेमणूक करतो. नेमणूक मुदतीची. आपल्या गावासाठी जागा कुठल्या प्रवर्गाला सुटते ते आधी जाहीर होतं. तीनशे वर्षं जे बापाकडून पोराकडे गेलं, त्यासाठी आता लेखी पेपर आहे.

आमच्या गावची पोलीस पाटील एक बाई आहे. घरी तीन एकर कोरडवाहू, आडनाव पाटील नाही आणि देशमुख तर नाहीच. ती अर्ज करते आहे कळलं तेव्हा गावात कुजबुज झाली होती, आणि ती बहुतेक आमच्याच ओट्यांवरून झाली होती.

मागच्या हिवाळ्यात रात्रीच्या लाइनवर दोन चुलतभाऊ गव्हाला पाणी द्यायला गेले आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुंपली. दोघेही देशमुख, दोघेही माझ्या नात्यातले. एकानं धुऱ्यावरचा दगड दोन हात सरकवला असं दुसऱ्याचं म्हणणं. कुऱ्हाड निघाली होती. कुणीतरी तिला फोन केला. ती नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून आली, साडीवर पुरुषाचा स्वेटर, डोक्याला मफलर, हातात बॅटरी. आल्यावर तिनं कुणालाच विचारलं नाही की कोण खरं. बॅटरी दगडावर मारली. दगडाखालची माती ओली आणि सैल होती, आणि दोन हात अलीकडे गवत नसलेला एक चौकोन दिसत होता.

“गोटा होता तिथं ठिवा,” ती म्हणाली. “मंग बोलू. नाही ठिवत तर ठाण्यात फोन लावतो.”

दोघंही थोडा वेळ उभे राहिले. मग थोरल्यानं कुऱ्हाड बांधावर टाकली आणि दगडाला हात घातला. एकट्यानं उचलेना. धाकटा पुढे आला. दगड जागेवर बसला तेव्हा तिनं दोघांची नावं वहीत लिहून घेतली, आडनावासकट, वेळ टाकली, आणि दोघांकडून सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती आमच्या आळीतून चालली होती तर माझे मोठे बाबा, वय ऐंशीच्या घरात, ओट्यावरून उठून उभे राहिले. “या पाटीलबाई, चहा घ्या.” गावातल्या कुणासाठी त्यांना मी असं उठताना याआधी पाहिलं नव्हतं.

तिचा मुलगा शाळेत जातो. पोरं त्याला आता ‘पाटील’ म्हणूनच हाक मारतात, खेळताना, चिडवताना, कौतुकानंही. एकदा ती पिठाच्या गिरणीपाशी उभी होती आणि तिच्यासमोरच कुणीतरी त्याला तशी हाक मारली. तिनं त्या पोराला जवळ बोलावलं.

“तो पाटील नाही, मी आहो,” तिनं सांगितलं. “त्याले व्हायचं असन तर पहिले दहावी होऊ दे, मंग परीक्षेले बसू दे.”

मुलगा सध्या सातवीत आहे.